नागपूरच्या वावरात वाइनची द्राक्षं : अर्ध्या एकरापासून सुरुवात

नाशिकचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून नागपूरला लावलं की बाग फसते. निफाड-दिंडोरीकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा सोसवणारा. आपल्याकडे पाऊस हजार-अकराशे मिलिमीटर, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या खाली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची भीती. तरीही काटोल, कळमेश्वर, हिंगणा, सावनेर या भागात वाइनच्या द्राक्षाला जागा आहे. अट एवढीच की पाण्याचा निचरा, छाटणीची तारीख आणि माल घेणारा माणूस या तीन गोष्टी रोप लावण्याआधी ठरलेल्या हव्यात. यातली एक जरी चुकली तरी नंतर कितीही फवारण्या केल्या तरी ती भरून निघत नाही.

खाली जे लिहिलंय ते अर्ध्या एकराच्या हिशेबाने. पहिल्यांदा यापेक्षा जास्त लावू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. वाइनची द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया, घड जेमतेम सव्वाशे ते दीडशे ग्रॅमचा. मणी फुगवायला जीएचं (जिब्रेलिक आम्लाचं) डिपिंग नको, गर्डलिंग (खोडाची साल गोल कापणं) नको, विरळणीची मजुरी नको. त्यामुळे खर्च कमी, पण खुल्या बाजारात हा माल कोणी विचारत नाही. कळमन्याला नेऊन विकू असा विचार असेल तर इथेच थांबलेलं बरं.

१. आधी खरेदीदार, मग खड्डा

लागवडीपासून पहिला तोडा हाती यायला साधारण सव्वादोन वर्षं लागतात. एवढ्या काळात तोंडी शब्द टिकत नाही, लेखी करार करा. त्यात या बाबी नावानिशी हव्यात: वाण, किमान ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), ब्रिक्सप्रमाणे दर कसा बदलेल, वजन कुठे होणार (तुमच्या वावरात की वाइनरीच्या दारात), वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत, आणि मालात राहिलेल्या औषधांच्या अंशांच्या तपासणीचा खर्च कोणाचा. वजनाची जागा बहुतेक जण विसरतात. क्रेटमधला माल रात्रभराच्या प्रवासात घटतो, आणि वजन दारात होणार असेल तर ती घट तुमच्या खिशातून जाते.

राज्यातल्या बहुतेक वाइनरी नाशिक पट्ट्यात आहेत, नागपूरहून सहाशे किलोमीटरहून जास्त. समृद्धी महामार्गामुळे रात्रीतून माल पोचवता येतो, पण एकट्या माणसाच्या दोनेक टनांसाठी थंड गाडी परवडत नाही. म्हणून आठ-दहा शेतकऱ्यांचा गट हवा, एकाच वाणाचा, जवळपासच्या गावांतला. छाटणीच्या तारखा एकमेकांना सांगून ठरवल्या तर गाडी भरते.

दुसरा मार्ग म्हणजे गटाची स्वतःची छोटी वाइनरी. तो पुढचा टप्पा समजा. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, अन्नसुरक्षा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, स्थानिक संस्थेचा ना-हरकत दाखला, एवढं सगळं लागतं आणि वेळ खातं. तोवर परवानाधारक वाइनरीशी बोलून तुमच्या गटाचा माल वेगळ्या टाकीत आंबवून घेता येतो का ते विचारा.

सापळा: घरी ड्रममध्ये ‘थोडीशी करून बघू’ हे करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे विनापरवाना वाइन बनवणं गुन्हा आहे, मग ती दहा लिटर असो की हजार. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे आणि समृद्धी त्याच जिल्ह्यातून जातो. ताज्या द्राक्षांच्या क्रेटना काही अडचण नाही. पण चिरडलेला रस टाकीत भरून पाठवला आणि तो वाटेत आंबायला लागला, तर ती गाडी आता फळांची राहिली नाही. फळ पाठवा, रस पाठवू नका. तयार वाइन न्यायची वेळ आली तर उत्पादन शुल्क विभागाचा वाहतूक परवाना गाडीतच हवा.

२. कागद आणि साहित्य

कागद: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, विहीर किंवा बोअरची नोंद, माती आणि पाण्याचा तपासणी अहवाल, गटाचा ठराव, खरेदीचा करार.

ठिबकचं अनुदान महाडीबीटीवर अर्ज करून मिळतं. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय ठिबकचं सामान विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.

साहित्य: हाताचा रिफ्रॅक्टोमीटर (० ते ३२ ब्रिक्सचा), पीएच मीटर आणि त्याची ४ व ७ पीएचची द्रावणं, छाटणीच्या कात्र्या, बाष्पीभवन पात्र किंवा गटात मिळून एक छोटं हवामान यंत्र, २० किलोचे छिद्रांचे क्रेट, पक्ष्यांची जाळी. फवारणीचे कपडे आणि मास्क हे ‘नंतर बघू’च्या यादीत टाकू नका.

३. जमीन : नागपुरात बाग इथेच वाचते किंवा मरते

जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे काटोल, कळमेश्वर, हिंगणा, हा काळ्या पाषाणाचा. तिथल्या उतारावर हलकी, मुरमाड, दीड-दोन फुटांखाली भुसभुशीत मुरूम लागणारी जमीन मिळते. द्राक्षाला ती आवडते. नाल्याकाठची खोल काळी कापसाची जमीन दिसायला सोन्यासारखी, पण द्राक्षासाठी वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाणी धरून राहतं, मुळं गुदमरतात, वेल नुसता पाला करतो आणि घड जिरतात. मौदा-रामटेकच्या धानपट्ट्यातल्या बांध्यांचा विचारच सोडा.

तपासायचं कसं? तीन फूट खोल, दोन बाय दोन फुटांचा खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा आणि जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आणि या दुसऱ्या वेळचं पाणी मोजा. चोवीस तासांत खड्डा रिकामा झाला तर जमीन चालेल. दोन दिवसांनीही तळाशी पाणी चमकत असेल तर ती जागा संत्र्यालाही सोसणार नाही, द्राक्ष तर दूरच. पहिल्यांदा भरलेलं पाणी फसवतं, कारण कोरड्या मातीच्या भेगा ते चटकन पिऊन टाकतात.

खड्ड्याची एक बाजू सरळ तासून नीट बघा. पांढऱ्या चुनखडीचे खडे किती खोलीवर सुरू होतात ते पट्टीने मोजा. त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसून फेस आला तर मुक्त चुना भरपूर आहे. अशा जमिनीत वेलाला लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तपासणी अहवालात मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत, पीएच ६.५ ते ८ आणि क्षारता १ च्या आत असेल तर बरं. नमुना एकच वरवरचा देऊ नका. ० ते १ फूट, १ ते २ फूट, २ ते ३ फूट असे तीन वेगळे द्या. कृषी विज्ञान केंद्र किंवा शासकीय माती परीक्षण प्रयोगशाळेत हे काम होतं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे. आपल्या भागाच्या जमिनीचे नकाशे कसे वाचायचे ते तिथे जाऊन समजून घ्या.

जमीन मध्यम भारी असेल तर गादीवाफे हवेतच: दीड फूट उंच, तळाशी चार फूट रुंद, उताराच्या दिशेने. शेवटाला चर आणि चराला पुढे वाट. चर धुऱ्यापाशी संपला तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरतं आणि भांडण सुरू होतं. वाट आधीच ठरवून घ्या.

४. पाणी

द्राक्ष कमी पाण्यात येतं, पण मे महिन्यात बिनपाण्याचं येत नाही. खरड छाटणीनंतर (काड्या तयार करण्यासाठीची एप्रिलची छाटणी) नवी फूट वाढताना दर मिलिमीटर बाष्पीभवनामागे हेक्टरी ४,२०० लिटर धरतात. आपल्याकडे मेमध्ये रोजचं बाष्पीभवन १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या एकराला दिवसाला साडेआठ ते दहा हजार लिटर. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेल्यात हे सगळ्यांना माहीत आहे. तुमची विहीर मेच्या शेवटच्या आठवड्यात संत्र्याचं भागवून एवढं देते का, हे एक उन्हाळा मोजून मगच ठरवा.

वेलाच्या दोन्ही बाजूंना ताशी ४ लिटरचा एकेक ड्रीपर. ओळीत आच्छादन जाडच्या जाड टाका. पऱ्हाटी जाळण्याऐवजी श्रेडरमधून काढून घ्या, सोयाबीनचं कुटार मिसळा आणि चार इंचांचा थर द्या. खोडापासून मात्र अर्धा फूट मोकळी जागा सोडा, नाहीतर वाळवी आणि खोडकिडा यांची सोय होते. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलाआधी कापून तिथेच पाडा.

५. वाण आणि खुंट

लालसाठी शिराझ, पांढऱ्यासाठी शेनिन ब्लांक. आपल्या उष्णतेत सुरुवातीला हे दोन पुरे. कॅबरने सोविन्यों पक्व व्हायला उशीर लावतो आणि गारपिटीच्या दिवसांत सापडतो. सोविन्यों ब्लांकचा सुवास उन्हात उडून जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ हा संकरित वाण रस आणि वाइन दोन्हीला चालतो, लवकर तयार होतो आणि बुरशीला तुलनेने दाद देत नाही. फवारण्या कमी ठेवायच्या असतील तर दोन ओळी त्याच्या लावून बघाव्यात. मात्र आधी खरेदीदाराला तो चालतो का ते विचारा, कारण बाटलीवर नाव शिराझचं विकलं जातं.

खुंट (ज्यावर वाणाचं कलम करायचं ते मुळाचं रोप) म्हणून ११०-आर. तो ताण सोसतो आणि वेल आटोपशीर ठेवतो. चुनखडी जास्त असेल तर १४०-रु. डॉगरिज सगळीकडे सहज मिळतो, पण भारी जमिनीत तो इतका जोर करतो की वेल पाल्यातच जिरतो. खुंट आणि काड्या मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच आणा. ओळखीच्या बागेतून फुकट मिळालेली काडी विषाणू आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) सोबत घेऊन येते.

६. लागवड ते मांडणी

अंतर ९ बाय ५ फूट, म्हणजे अर्ध्या एकरात ४८० च्या आसपास वेल. ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन घडांवर थेट पडतं, म्हणून पश्चिमेकडचा पाला कधीच काढू नका.

जानेवारीच्या शेवटी खुंट लावा. उन्हाळ्याआधी मुळं धरतात. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक रोपाच्या नैऋत्येला तुरीच्या फांद्यांचा आडोसा करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काडी पेन्सिलीएवढी, ८ ते १० मिलिमीटर जाड झाली की पाचर कलम करा. पुढच्या फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर रिकट घ्या: कलमावर तीन-चार डोळे ठेवून कापा, जोमदार फूट एकच ठेवा आणि बांबूला बांधत वर न्या. वाय (Y) आकाराच्या मांडणीवर साडेतीन फुटांवर दोन्ही बाजूंना ओलांडे (कायमच्या आडव्या फांद्या) काढा. ओलांडा एका दमात लांब नेऊ नका. पाच-सहा पानांवर शेंडा मारा, बगलफुटी निघू द्या, मग पुढे वाढवा. घाईने नेलेल्या ओलांड्यावर मध्येच टक्कल पडतं आणि ते पुढे कायम राहतं.

लोखंडी अँगल आणि तारेचा खर्च हा सगळ्यात मोठा खर्च. त्यात काटकसर करताना तारेची जाडी कमी करू नका. भरल्या वेलावर वादळ आलं की पूर्ण ओळ झोपते.

रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी कुंपण लागवडीच्या दिवशीच हवं. कोवळा वेल रोह्याने एकदा खुडला की एक वर्ष गेलं.

७. शेजाऱ्यांशी बोला

हा भाग खूप जण सोडून देतात, आणि इथेच बाग एका संध्याकाळी जाते. गव्हात किंवा पडीक वावरात तण मारायला लोक २,४-डी वापरतात. द्राक्ष या औषधाला कमालीचं हळवं आहे. वाऱ्यावर उडून आलेला नुसता अंशसुद्धा पुरतो: कोवळी पानं पंख्यासारखी चुणतात, कडा दातेरी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात आणि फुलोऱ्यातला घड गळतो. कापसावरही ते तसंच दिसतं, त्यामुळे कापूसवाल्या शेजाऱ्यांना लगेच पटतं. लागवडीआधी चारही धुऱ्यांवरच्या माणसांना भेटा, बागेची जागा दाखवा आणि फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करा म्हणावं. फवारणी पंपही उसना घेऊ-देऊ नका. पंपात राहिलेलं २,४-डी साध्या धुण्याने जात नाही.

८. खरड छाटणी : मार्चअखेर ते १० एप्रिल

पुढच्या हंगामाचा घड या छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्याच्या आत तयार होतो. त्या दिवसांत डोळ्यावर स्वच्छ ऊन लागतं. छाटणी मेमध्ये ढकलली तर हे दिवस जून-जुलैच्या ढगांत जातात आणि काडी वांझ निघते. ऑक्टोबरमध्ये वेल फुटतो खरा, पण घड दिसत नाहीत, आणि दोष खताला दिला जातो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर हा काळ मेच्या मध्यापासून पुढे, पावसाच्या आधी पडतो.

तोडणी झाल्यावर वेलाला १५ ते २० दिवस विश्रांती द्या, हलकं पाणी चालू ठेवा, शेणखत आणि सुपर फॉस्फेट चरात द्या. मग ओलांड्यावर एकेक डोळा राखून छाटा. उघड्या ओलांड्यावर ४२ अंशांचं ऊन थेट पडतं आणि साल भाजते, म्हणून चुन्याचं पातळ पांढरं पाणी ब्रशने लावून घ्या. फूट सात-आठ पानांची झाली की पाच पानांवर खुडा आणि वरची बगलफूट पुढे वाढू द्या. याला सबकेन म्हणतात, घडाचे डोळे त्या गाठीच्या आसपास मिळतात. दाटी झालेल्या फुटी काढून ओलांड्याच्या दर एक फूट लांबीला तीन-चार काड्या ठेवा.

९. फळछाटणी : तारीख कशी ठरवायची

ही घड बाहेर काढण्यासाठीची दुसरी छाटणी. लवकर छाटलं, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यात, तर परतीचा पाऊस पोंग्यावर (नुकत्या उघडणाऱ्या फुटीवर) आणि फुलोऱ्यावर येतो आणि डाऊनी (केवडा बुरशी) घड खाते. उशिरा छाटलं, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, तर फुलोरा थंडीत सापडतो, मणी नीट सेट होत नाहीत आणि तोडणी मार्चअखेरच्या उन्हात जाते. उन्हात पिकलेल्या मण्यात साखर असते पण आंबटपणा राहत नाही, आणि अशी वाइन सपक होते व लवकर बिघडते. म्हणून २८ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर ही खिडकी धरा. प्रादेशिक हवामान केंद्राचा पाच दिवसांचा अंदाज बघून त्यातला कोरडा दिवस निवडा. शिराझ १४० ते १५० दिवस घेतो, म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात. शेनिन ब्लांक त्याआधी येतो.

छाटणीच्या १५ दिवस आधी काड्यांचे नमुने डोळे तपासणीला द्या. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळल्याशिवाय कात्री चालवू नका. छाटणीनंतर ४८ तासांच्या आत शेवटच्या दोन-तीन डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं (डोळे फुटवणाऱ्या औषधाचं) पेस्टिंग, म्हणजे लेप, करतात, लिटरला साधारण ३० ते ४० मिली, लेबल वाचून.

सापळा: या औषधाचं आणि दारूचं वैर आहे. ते हाताळण्याआधी आणि नंतर काही दिवस दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. पेस्टिंगच्या मजुरांना हे स्पष्ट शब्दांत, पैसे देण्याच्या आधी सांगा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सक्तीचा.

फुटी पाच पानांच्या झाल्या की फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा. वेलाला २५ ते ३० घड, म्हणजे तीन ते साडेचार किलो. अर्ध्या एकराला दीड ते सव्वादोन टन. जास्त ठेवले तर माल वाढतो, पण ब्रिक्स १९ वरच अडतो आणि करारातला दर मिळत नाही.

१०. रोग-कीड : कमी फवारा, पण वेळेवर

डाऊनीसाठी पाहणी पहाटे करा, दव असताना. पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की ते पान ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला त्याच डागाखाली पांढरी मऊ लव आली असेल तर डाऊनी जिवंत आहे, आज फवारा. लव नसेल तर डाग जुना आहे, औषध वाया घालवू नका. ही एक सवय हंगामात दोन-तीन फवारण्या वाचवते.

खरड छाटणीनंतर खोड-ओलांडे १ टक्का बोर्डोने धुवा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या ड्रममध्ये वेगवेगळे भिजवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलटं नको. तयार द्रावणात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, पानं करपतील. पावसाळ्यात पानांवर अर्धा टक्का पुरे. तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळं कमी होतात, म्हणून सवय म्हणून मारू नका.

भुरीसाठी पाण्यात विरघळणारं सल्फर लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३५ च्या वर असेल तर नाही. मिलीबगसाठी खोडाची सुटी साल काढून गोळा करा आणि गावाबाहेर जाळा, मुंग्यांचा बंदोबस्त करा आणि दमट दिवसांत व्हर्टिसिलियम (किडीवर वाढणारी उपयोगी बुरशी) फवारा. मुंग्या मिलीबगला वेलावर चढवतात. त्या थांबल्या की निम्मं काम होतं.

तोडणीच्या एक महिना आधी सल्फर आणि तांबं दोन्ही बंद. मण्यावर राहिलेलं सल्फर टाकीत गेलं की वाइनला कुजक्या अंड्याचा वास मारतो, आणि तांबं जास्त असलं तर यीस्ट अडखळतं. बाकी औषधांचे काढणीपूर्व दिवस वहीत लिहून ठेवा, वाइनरी ती वही मागते.

११. तोडणी

जाळी मण्यात पाणी उतरायला लागलं की लगेच लावा. पोपट आणि बुलबुल यांना ब्रिक्स तुमच्याआधी कळतो.

अंदाजे तारखेच्या तीन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी नमुना घ्या. वेगवेगळ्या वेलांवरून, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या वरचे आणि टोकाचे मिळून शंभर मणी. गोड दिसतात तेवढेच खुडले तर आकडा दोन ब्रिक्सने खोटा येतो. लालसाठी २३ ते २४ ब्रिक्स आणि पीएच ३.५ च्या आसपास, पांढऱ्यासाठी २१ ते २२ आणि पीएच ३.२ ते ३.४. पीएच ३.७ कडे सरकत असेल तर ब्रिक्सची वाट बघू नका, तोडा. शिवाय बी चावून बघा. हिरवी, कडू आणि मऊ म्हणजे थांबायचं. तपकिरी आणि कुरकुरीत म्हणजे तयार.

पाणी दहा दिवस आधी कमी करा, पूर्ण तोडू नका. तोडणी पहाटे पाचला सुरू, नऊच्या आत बंद. क्रेट काठोकाठ भरू नका, नाहीतर वरच्या क्रेटच्या वजनाने खालचा रस सुटतो.

१२. वाइनरीच्या दारातून आत

पुढचं काम परवानाधारक वाइनरीतच होणार आहे. तरी तिथे काय चाललंय ते समजलं तर तुमच्या मालाबद्दल बोलता येतं. ५०० किलो शिराझचा हिशेब धरू.

आधी टेबलावर निवड: भुरीचे, सडके, पानाचे तुकडे बाजूला. मग देठ वेगळे करून मणी हलके चिरडायचे. साधारण ४५० लिटर लगदा मिळतो. त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे ५० पीपीएम गंधक डायऑक्साइड, थोड्या पाण्यात विरघळवून. रानटी जिवाणू दबतात. आम्ल कमी असेल तर टार्टारिक आम्ल याच वेळी. लिटरला १ ग्रॅम टाकलं की पीएच साधारण ०.१ ने उतरतो.

बारा तासांनी यीस्ट, ११० ग्रॅम. दहापट कोमट पाण्यात, ३८ ते ४० अंशांना, वीस मिनिटं भिजवून, त्यात थोडा थोडा लगदा मिसळून थंड करत मग टाकीत. थेट थंड लगद्यात ओतलं तर निम्मं मरतं. आंबवण सुरू झालं की साली फुगून वर टोपी धरतात. ती दिवसातून तीन वेळा खाली दाबायची. तापमान २४ ते २८ अंश. मार्चमध्ये आपल्याकडे बाहेर ३८ असताना टाकीला थंड पाण्याचं आवरण नसेल तर आतला पारा ३५ च्या वर जातो, यीस्ट मध्येच थांबतं आणि साखर शिल्लक राहते. अशा अडलेल्या टाकीत सिरक्याचे जिवाणू शिरतात. पांढऱ्याला तर १४ ते १८ अंश लागतात, तेही साली आधीच दाबून काढून.

सकाळ-संध्याकाळ ब्रिक्स आणि तापमान लिहायचं. सात-दहा दिवसांत ब्रिक्स शून्याखाली गेला की दाब देऊन वाइन वेगळी करायची. पाचशे किलोतून ३०० ते ३४० लिटर मिळते, म्हणजे ४०० ते ४५० बाटल्या. त्यानंतर गाळावरून दोन-तीनदा उपसणी. टाकीत रिकामी जागा राहू द्यायची नाही, कारण हवा लागली की वाइन तपकिरी पडते आणि चव मावळते.

दाबून उरलेली सालं, बिया आणि देठ परत घेऊन या, करारात तसं लिहून घ्या. शेणात मिसळून, थोडी चुनखडी टाकून ढीग लावा आणि पंधरा दिवसांनी पलटत राहा. ताजा चोथा आंबट असतो, तो थेट खोडाशी टाकला तर कोवळी मुळं भाजतात. तीन-चार महिन्यांत तो काळा आणि मातीच्या वासाचा झाला की पावसाळ्याआधी चरात भरायला घ्या. गटाची वाइनरी झाली तर टाक्या धुतलेलं पाणीही आंबट येतं. चुन्याने पीएच ७ ला आणून, गाळून मगच झाडांना द्यायचं, नाल्यात सोडायचं नाही.